निंबोळीचा अर्क आणि पिकांवरील कीड

उन्हाळ्यांत वर्षाचें धान्य भरून ठेवण्याची चाल मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. गव्हाला एरंडेलाचा हात फिरवावयाचा, डाळीलाही तेंच करावयाचें, तांदळाच्या डब्यांत कडुनिंबाचा सुकविलेला पाला घालावयाचा, ठेवणींतल्या लोकरी कपड्यांत वेखंडाचा तुकडा टाकावयाचा, हीं सारीं कामें घरांतील वडीलधाऱ्या बायका कोणत्याही ग्रंथाचा आधार न घेतां बिनचूक करीत आल्या. त्यांमागें शास्त्र आहे हें आतां प्रयोगांनीं ठरलें आहे. कडधान्यावरील भुंग्याची मादी आपलें अंडें दाण्याच्या गुळगुळीत सालीवर चिकटविते. दाण्यावर तेलाचा पातळ थर असला म्हणजे तें अंडें नीट चिकटत नाहीं, आणि चिकटलेंच तर त्याला श्वासापुरतीही हवा मिळत नाहीं. पाल्याचें व वेखंडाचें काम निराळें; तेथें वास आणि चव हीं कीटकास दूर ठेवतात.

ह्यावरून एक प्रश्न सहजच उभा राहतो. मूठभर पाल्यानें जर डबाभर तांदूळ राखला जातो, तर वनस्पतींच्या रसांनीं शेतांतील उभें पीक कां राखतां येऊं नये? प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याचें उत्तर ‘होय’ किंवा ‘नाहीं’ अशा एका शब्दांत देतां येत नाहीं. बंद डबा आणि उघडें शेत ह्यांत फार मोठें अंतर आहे. शेतांत ऊन असतें, पाऊस असतो, वारा असतो, आणि कीटकांना येण्याजाण्यास कोणताही मज्जाव नसतो.

मुळांत वनस्पतींच्या अंगीं हे गुण आले कोठून, हें प्रथम पाहिलें पाहिजे. हरणाला पळतां येतें, कासवाला पाठीखालीं दडतां येतें. झाड मात्र जेथें रुजलें तेथेंच त्याला आयुष्य काढावें लागतें. त्यास खावयास येणाऱ्या असंख्य जीवांपुढें त्याचा बचाव कांट्यांनीं थोडाफार होतो. पण खरा बचाव होतो तो पानांत, सालींत व बियांत सांठविलेल्या कडू, तिखट आणि विषारी द्रव्यांनीं. कॉफींतील कॅफिन, मोहरीचा झणझणीतपणा, तंबाखूंतील निकोटीन हीं माणसानें आपल्या चैनीसाठीं किंवा चवीसाठीं उपयोगांत आणलेलीं द्रव्यें मूळचीं त्या त्या झाडाचीं शस्त्रेंच होत. अर्थात् हीं शस्त्रें अमोघ नाहींत. मोहरीच्या वर्गांतील कोबीचा जो उग्र वास इतर कीटकांना नकोसा होतो, त्याच वासाच्या मागावर कोबीवरील पांढरें फुलपाखरूं येतें आणि पानावर अंडीं घालतें. निसर्गांतील ह्या झुंजींत कोणताही विजय कायमचा नसतो, ही गोष्ट पुढील विवेचनांत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

माणसानें पिकासाठीं वापरलेल्या वनस्पतिजन्य विषांत तंबाखूचा मान बराच जुना आहे. तंबाखू भिजविलेलें पाणी फळझाडांवरील किडींसाठीं फ्रान्समध्यें १६९० च्या सुमारास वापरलें जाऊं लागलें. पुढें १८२८ सालीं जर्मनींत पोसेल्ट आणि रायमान ह्यांनीं त्यांतील निकोटीन शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. हें द्रव्य कीटकाच्या मज्जातंतूंवर आघात करतें. पण माणसाच्या मज्जातंतूंची घडणही त्या बाबतींत फारशी निराळी नसल्यामुळें तें माणसासही तितकेंच घातक ठरतें. तें कातडींतून शरीरांत शिरतें. तंबाखूचीं ओलीं पानें खुडणाऱ्या मजुरांना त्यामुळें मळमळ, घेरी व वांत्या होतात, आणि ह्या विकारास वैद्यकांत स्वतंत्र नांव आहे.

दुसरें उदाहरण पायरेथ्रमचें. शेवंतीच्या जातीचीं हीं पांढरीं फुलें ॲड्रियाटिक समुद्राच्या कांठीं डाल्मेशिया प्रांतांत पिकत. पुढें जपान आणि त्यानंतर केनिया हे देश त्यांच्या लागवडींत अग्रेसर झाले. फुलांची पूड लागतांच माशी किंवा डांस क्षणांत लुळा पडतो. जपानांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्याच पुडीची उदबत्ती करण्यांत आली, आणि ती लवकर जळून संपूं नये म्हणून तिला वेटोळ्याचा आकार देण्यांत आला. आज घरोघरीं जळणाऱ्या डांसांच्या वेटोळ्याचा जन्म हा असा आहे. मात्र सध्यांच्या वेटोळ्यांत बहुधा फुलांचें सत्त्व नसून त्याच्याच धर्तीवर कारखान्यांत बनविलेलें द्रव्य असतें. खऱ्या सत्त्वाचा दोष एवढाच, कीं उन्हांत तें कांहीं तासांतच विघटित होतें. घराच्या आडोशाला हा दोष जाणवत नाहीं. शेतांत तो फार जाणवतो.

तिसरें नांव डेरिस नामक वेलीच्या मुळांचें. आग्नेय आशियांतील कोळी हीं मुळें ठेंचून पाण्यांत टाकीत आणि गुंगलेले मासे वेंचून घेत. त्यांतील रोटेनोन हें द्रव्य पेशींतील श्वसनक्रियाच थांबवितें. वनस्पतिजन्य म्हणून तें पुष्कळ वर्षें निर्धोक समजलें जात होतें. परंतु २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत, उंदरांना तें दीर्घकाळ दिलें असतां कंपवातासारखीं लक्षणें उत्पन्न होतात असें आढळून आलें. झाडापासून निघालें तें सारें सौम्य, ही समजूत किती फसवी आहे हें तंबाखू आणि डेरिस ह्या दोन्ही उदाहरणांवरून दिसून येतें.

१९३९ सालीं स्वित्झर्लंडांतील पॉल म्युलर ह्यांनीं डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण शोधून काढला आणि वनस्पतींच्या अर्कांचा काळ संपला असें वाटूं लागलें. द्रव्य स्वस्त, एकदां फवारलें कीं महिनोन्‌महिने टिकणारें, आणि हिंवतापाच्या डांसांवर तर रामबाण! म्युलर ह्यांना १९४८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु जो टिकाऊपणा त्याचा गुण मानला गेला, तोच पुढें दोष ठरला. तें जमिनींत, पाण्यांत, प्राण्यांच्या चरबींत सांचूं लागलें. किडी त्याला सरावल्या. आणि किडींना खाणारे उपयोगी कीटक मात्र मेले. रॅचेल कार्सन ह्यांच्या १९६२ सालच्या ग्रंथानें ह्या संकटाकडे साऱ्या जगाचें लक्ष वेधलें. भारतांत शेतीसाठीं डी.डी.टी.चा वापर १९८९ सालीं बंद करण्यांत आला. त्यापूर्वींच, १९८४ च्या डिसेंबरांत, भोपाळ येथें कीटकनाशक बनविणाऱ्या कारखान्यांतून विषारी वायु सुटून हजारों माणसें प्राणांस मुकलीं होतीं.

ह्या सर्व कालांत भारतांतील एक परिचित झाड शास्त्रज्ञांच्या टेबलावर हळूहळू येत होतें. चैत्र प्रतिपदेस ज्याचीं कोंवळीं पानें गुळाबरोबर खाण्याचा प्रघात आहे, तें कडुनिंबाचें झाड. १९४२ सालीं सलीमुज्जमान सिद्दिकी ह्यांनीं कडुनिंबाच्या तेलांतून निंबिन आदि कडू द्रव्यें वेगळीं केलीं. १९५९ सालीं सुदानमध्यें टोळधाड आली, तेव्हां हाइन्रिख श्मुटरर ह्या जर्मन कीटकशास्त्रज्ञांना असें दिसलें, कीं आसपासची सारी हिरवळ फस्त करणारे टोळ कडुनिंबावर बसतात खरे, पण तें खात नाहींत. पुढें १९६२ सालीं दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेंत डॉ. प्रधान आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं निंबोळीच्या गराचें पाणी पिकांवर फवारून पाहिलें. टोळांनीं तीं पिकें टाळलीं. टोळधाडींत शेत वांचविण्याचा उपाय झाडाखालीं पडलेल्या बियांत होता, हें त्या प्रयोगानें दाखवून दिलें.

निंबोळींतील मुख्य कार्यकारी द्रव्य १९६८ सालीं इंग्लंडांतील कील विद्यापीठांत बटरवर्थ आणि मॉर्गन ह्यांनीं वेगळें केलें. त्याचें नांव ॲझाडिरॅक्टिन. त्याच्या एका रेणूंत कर्बाचे ३५, उज्जाचे ४४ व प्राणवायूचे १६ अणु असतात, आणि त्यांची गुंफण इतकी गुंतागुंतीची आहे कीं तिचा बरोबर उलगडा होण्यास १९८५ साल उजाडलें. तो रेणु प्रयोगशाळेंत घडविण्याचें काम केंब्रिज येथील स्टीव्हन ले आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं २००७ सालीं, बावीस वर्षांच्या परिश्रमानंतर, तडीस नेलें. ह्याचा व्यवहारांतील अर्थ असा, कीं हें द्रव्य कारखान्यांत स्वस्तांत बनविण्याची आशा धरण्यांत अर्थ नाहीं. त्याचा कारखाना म्हणजे तें झाडच होय.

आतां हें द्रव्य कीटकावर काम कसें करतें तें पाहूं. कीटकाच्या शरीरांत हाडें नसतात. त्याची कातडी हेंच त्याचें कवच. अळी वाढूं लागली कीं तें कवच तिला अपुरें पडतें आणि वेळोवेळीं कात टाकावी लागते. कात टाकण्याची आज्ञा एक विशिष्ट अंतःस्राव देतो. ॲझाडिरॅक्टिन ह्या अंतःस्रावाच्या कामांत बिघाड करतें. मग अळी जुन्या कातडींत अडकून मरते, किंवा अर्धवट रूपांतर होऊन विकृत होते. त्यांतूनही जी जगते तिची प्रजनशक्ति क्षीण होते. शिवाय कित्येक कीटकांना त्याची चवच सहन होत नाहीं. फवारलेल्या पानापासून ते दूर राहतात. माणूस, गाय किंवा पक्षी हे कात टाकून वाढत नसल्यामुळें ह्या द्रव्याचा हा मुख्य मार्ग त्यांच्या शरीरांत उपलब्धच नसतो. तंबाखू आणि कडुनिंब ह्यांतील भेद हा असा आहे. एक विष कीटक व माणूस ह्या दोघांच्या समान अवयवावर घाव घालतें. दुसरें, जें कीटकाजवळ आहे आणि माणसाजवळ नाहीं, त्यावर.

आणखीही एक गुण आहे. निंबोळींत ॲझाडिरॅक्टिन एकटें नसून त्याच्या सोबतीला त्याच जातीचीं अनेक द्रव्यें असतात. माव्याच्या चाळीस पिढ्यांवर केलेला एक प्रयोग १९९५ सालीं प्रसिद्ध झाला. शुद्ध ॲझाडिरॅक्टिनला मावा हळूहळू सरावला. निंबोळीच्या संपूर्ण अर्काला मात्र तो सरावला नाहीं. एकाच कुलपाची किल्ली चोराला बनवितां येते. दाराला दहा निरनिराळीं कुलपें असलीं म्हणजे त्याचें काम अवघड होतें.

अर्क तयार करण्याची रीत साधी आहे, पण तींत निष्काळजीपणा चालत नाहीं. पिकलेल्या निंबोळ्या ज्येष्ठ-आषाढांत झाडाखालीं पडतात. त्या वेंचून, गर काढून, धुऊन, सावलींत वाळवावयाच्या. ओलसर राहिल्या तर बुरशी येते आणि सत्त्व नाहींसें होतें. फवारणीच्या आदल्या दिवशीं पांच किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड नऊ लिटर पाण्यांत रात्रभर भिजत ठेवावी आणि दोनशें ग्रॅम साबणाचा चुरा एक लिटर पाण्यांत वेगळा भिजवावा. सकाळीं अर्क दाट फडक्यांतून पिळून गाळावा, त्यांत साबणाचें पाणी मिसळावें, आणि एकंदर शंभर लिटर होईल इतकें पाणी घालावें. हाच शेंकडा पांचचा निंबोळी अर्क. साबणामुळें द्रव पानावर पसरतो आणि चिकटून राहतो. गच्चींतल्या कुंड्यांसाठीं एक लिटर पाण्यास पन्नास ग्रॅम भरड, हेंच प्रमाण येतें. निंबोळी फार जुनी असूं नये, कारण वर्ष उलटतां उलटतां तिचें सत्त्व उतरत जातें. पाल्यापेक्षां बींत सत्त्व कितीतरी अधिक असतें. म्हणून नुसता पाला उकळून फवारणारास अनुभव निराशेचा येतो. केलेला अर्क त्याच दिवशीं वापरावा, आणि फवारणी उन्हें कलल्यावर करावी. सूर्यप्रकाशांत ॲझाडिरॅक्टिन लवकर नाश पावतें.

मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पानें खाणाऱ्या लहान अळ्या, हरभऱ्यावरील घाटेअळीची कोंवळी अवस्था, ह्यांवर हा अर्क उपयोगी पडतो. परंतु त्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. फवारल्यावर अळी लगेच मरून पडत नाहीं. ती खाणें कमी करते आणि मरण्यास तिला कित्येक दिवस लागतात. ज्या शेतकऱ्यानें संध्याकाळीं फवारून सकाळीं मेलेल्या अळ्या पाहण्याची संवय लावून घेतली आहे, त्याला हें औषध कुचकामी वाटतें. पूर्ण वाढलेल्या अळीवर परिणाम थोडा होतो. कपाशीवरील शेंदरी बोंडअळी एकदां बोंडांत शिरली म्हणजे तिच्यापर्यंत हा अर्क पोंचतच नाहीं. कीड हाताबाहेर गेल्यावर वापरण्याचें हें साधन नव्हे; ती दिसूं लागतांच, दहा-बारा दिवसांच्या अंतरानें वापरण्याचें आहे. ह्याउलट, ढालकिडा, क्रायसोपा, मधमाशी ह्यांसारख्या मित्र कीटकांना त्याची झळ रासायनिक विषांच्या मानानें पुष्कळ कमी लागते, आणि शेतांत ते शिल्लक राहिले म्हणजे पुढील काम तेच करतात.

येथें एक इशारा घरच्या मंडळींसाठीं आवश्यक आहे. कडुनिंबाचें तेल तान्ह्या मुलांना पाजल्यानें मेंदू व यकृत ह्यांस इजा होऊन मुलें दगावल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नमूद आहेत. सीताफळाच्या बिया वाटून उवांसाठीं केसांना लावण्याची चाल अनेक ठिकाणीं आहे. तो लेप डोळ्यांत गेला तर बुबुळास दुखापत होते. शेतांत वापरल्या जाणाऱ्या दशपर्णी अर्कांत कडुनिंब, निर्गुडी, करंज ह्यांबरोबर कण्हेर, धोतरा ह्यांसारखीं उघड विषारी पानेंही असतात. झाडाचा रस म्हणून हात न धुतां जेवावयास बसणें हें धाडस होय. त्यांतून अशा मिश्रणाचें बळ दर वेळीं निराळें पडतें, कारण पानाचें सत्त्व झाडाप्रमाणें, ऋतूप्रमाणें आणि जमिनीप्रमाणें बदलतें. बाजारांतील नोंदणीकृत औषधाच्या बाटलीवर ॲझाडिरॅक्टिनचें प्रमाण दहा लाखांत ३००, १५०० किंवा १०,००० भाग असें छापलेलें असतें, तें ह्याच अनिश्चिततेवर उपाय म्हणून.

कडुनिंबाचें हें ज्ञान कोणाच्या मालकीचें, असाही वाद एकदां उपस्थित झाला. कडुनिंबाच्या तेलानें वनस्पतींवरील बुरशी आटोक्यांत आणण्याच्या पद्धतीबद्दल अमेरिकेचें शेतकी खातें व तेथील एक कंपनी ह्यांना १९९४ सालीं युरोपांत पेटंट मिळालें. वंदना शिवा आदि मंडळींनीं त्यास हरकत घेतली. ह्या प्रकरणांत महाराष्ट्राचा संबंध आला तो असा, कीं १९८५ व १९८६ सालीं पुणे आणि सांगली जिल्ह्यांतील शेतांवर अशाच तेलाच्या चाचण्या झाल्या होत्या, ह्याचा पुरावा म्यूनिक येथील कार्यालयापुढें मांडण्यांत आला. पेटंट २००० सालीं रद्द झालें, आणि त्यावरील अपीलही २००५ च्या मार्चमध्यें फेंटाळण्यांत आलें.

मग ज्ञान आपलें, झाड दारचें, रीत सोपी. असें असूनही शेतकरी निंबोळीकडे वळत कां नाहीं? त्याला अज्ञानी म्हणणें सोपें आहे, पण तें न्याय्य नाहीं. एका एकरास साधारण दोनशें लिटर द्रव लागतो, म्हणजे एका फवारणीस दहा किलो भरड. ह्या निंबोळ्या वेंचावयाच्या त्या नेमक्या पेरणीच्या धांदलींत, जेव्हां घरांतील एकही हात मोकळा नसतो. पुढें वाळविणें, कुटणें, गाळणें आलेंच. दुकानांतील बाटली मात्र उधारीवर मिळते आणि झाकण उघडतांच तयार असते.

त्या बाटलीची खरी किंमत २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत दिसून आली. कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन त्या पावसाळ्यांत सुमारें वीस शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेंकडों रुग्णालयांत दाखल झाले. पीक पुरुषभर वाढलेलें, हवा दमट, निरनिराळीं औषधें एकत्र मिसळलेलीं, आणि तोंडाला फार तर एक रुमाल. निंबोळीचा अर्क वापरला असता तर त्या वर्षीची सारी कीड आटोक्यांत आली असती, असा दावा कोणीही जाणकार करणार नाहीं. परंतु हंगामाच्या आरंभींच्या एक-दोन फवारण्या जरी अशा अर्काच्या झाल्या, मित्र कीटक शेतांत टिकले, आणि जहाल औषध खरोखर गरज पडेल तेव्हांच, योग्य प्रमाणांत व अंगावर संरक्षक कपडे घालून वापरलें गेलें, तर पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाचा विषाशीं येणारा संबंध निश्चितच कमी होईल. कृषि-विद्यापीठें ज्यास एकात्मिक कीड-व्यवस्थापन म्हणतात तें हेंच. त्याचें पहिलें सूत्र असें, कीं कीड दिसली म्हणून फवारावयाचें नाहीं; तिच्यामुळें होणारें नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षां अधिक होऊं लागलें म्हणजे फवारावयाचें.

शहरांतील कुटुंबांचा ह्या गोष्टीशीं संबंध कुंड्यांतील रोपांपुरताच नाहीं. मंडईंत उभें राहून पानावर एक भोंक दिसतांच मेथीची जुडी बाजूला सारणारा हात, वांग्यावरील डाग पाहून भाव पाडणारा शब्द, हेच मागें शेतापर्यंत पोंचतात आणि तेथें एका जादा फवारणीचें रूप घेतात. जें पान अळीनें थोडें खाल्लें तें निदान अळीला खातां आलें, एवढा विचार गिऱ्हाइकानें केला, तर निंबोळी वेंचण्याचे शेतकऱ्याचे श्रम बाजारांत तरी वांयां जाणार नाहींत.